घरगुती स्मार्ट आरशावरचा फोटोंचा स्लाइडशो मध्येच बंद पडतो आणि काही फोटो आडवे दिसतात

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात, आईच्या खोलीत, मी स्वतः जुळवलेला एक स्मार्ट आरसा बसवला आहे. सागवानी चौकट, तिच्यात एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक अशी ॲक्रिलिकची तक्ती, तिच्यामागे उभा लावलेला २४ इंची मॉनिटर आणि मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसवलेला रास्पबेरी पाय ३बी हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), असे त्याचे स्वरूप आहे. त्यावर मॅजिकमिरर हे मुक्त सॉफ्टवेअर चालते. वरच्या कोपऱ्यात घड्याळ आणि तारीख-वार, खाली हवामान, आणि या सगळ्याच्या मागे पडदाभर फोटो एकामागून एक सरकत राहतील असे एक तयार मॉड्यूल (जोड-प्रोग्राम) मी त्यात जोडले आहे. माझी अडचण या फोटोंच्या मॉड्यूलची आहे.

माझ्या वडिलांना फोटो काढण्याचा नाद होता. रंगपंचमीची रहाड (रंगाने भरलेला हौद), २०१५ च्या सिंहस्थातली रामकुंडावरची गर्दी, ऑगस्ट २०१९ मधला गोदावरीचा पूर, असे कितीतरी प्रसंग त्यांनी टिपून ठेवले. ते गेल्यानंतर हे सगळे फोटो पेनड्राइव्हवर आणि पेनड्राइव्ह कपाटात, अशी अवस्था होती. आई रोज सकाळी वेणी घालायला आरशासमोर उभी राहते. तेव्हा तिला ते न मागता दिसावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

मॉड्यूलसोबत आलेले नमुन्याचे फोटो लावले तेव्हा आरसा तीन दिवस विनातक्रार चालला. त्यानंतर मी बाबांचे सुमारे १,८०० फोटो असलेला पेनड्राइव्ह जोडला, कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये त्या फोल्डरचा पत्ता दिला आणि तेव्हापासून दुखणी सुरू झाली. कधी वीस मिनिटांनी, कधी दोन-अडीच तासांनी पडदा पूर्ण काळा होतो आणि पाय बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय परत येत नाही. बरेच फोटो आडवे पडलेले दिसतात. पुराच्या वेळी दुतोंड्या मारुतीपुढे छत्री घेऊन उभे असलेले बाबा आरशात आडवे झालेले दिसतात आणि तोच फोटो लॅपटॉपवर उघडला तर सरळ दिसतो. काही फोटो मात्र मुळीच येत नाहीत; त्यात मी स्कॅन करून घेतलेले जुने कृष्णधवल फोटो आहेत आणि भावाने त्याच्या आयफोनवरून दिलेलेही आहेत.

मॉड्यूल काढून पुन्हा बसवून पाहिले, त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन एनपीएम इन्स्टॉल (लागणारे सॉफ्टवेअर उतरवून घेणारी आज्ञा) पुन्हा चालवले, फोटो बदलण्याचा वेळ दहा सेकंदांवरून तीस सेकंद केला. फरक पडला नाही. हे मॉड्यूलच सदोष असेल तर दुसरे कोणते घ्यावे, हे कृपया सांगावे. आईला दर वेळी हात वर करून मागचे बटण दाबावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

एक माहिती राहिली. मूळ जुळणी काही वर्षांपूर्वीची आहे. यंदा जुने मेमरी कार्ड खराब होऊ लागल्यामुळे मी नव्या कार्डावर नवा मॅजिकमिरर बसवला आणि फोटोंच्या मॉड्यूलचे फोल्डर मात्र जुन्या कार्डावरून जसेच्या तसे उचलून आणले.


सातपूरहून

ताई, मॉड्यूल बदलण्याची घाई करू नका. तुम्ही सांगितलेल्या तक्रारी वाचून मला त्या एकाच दोषाच्या वाटत नाहीत. तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी पुढे आल्यामुळे सगळा ठपका मॉड्यूलवर येतो आहे. मी कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करतो आणि तिथली सवय अशी आहे की आधी साखळीची कोणती कडी तुटली ते पाहायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा.

पहिली कडी तपासायला तुमच्याकडे आयतेच साधन आहे, ते म्हणजे आरशावरचे घड्याळ. पडदा बंद पडतो तेव्हा घड्याळाचे काय होते, ते नीट पाहा. फोटो जागच्या जागी थिजला पण घड्याळाचे सेकंद पुढे सरकत असतील, तर मॅजिकमिरर ठीक आहे आणि फोटोंचे मॉड्यूल एखाद्या फाइलपाशी अडकले आहे. फोटो आणि घड्याळ दोन्ही गेले, पण मॉनिटरचा मागचा उजेड अंधारात जाणवतो आहे, तर मॅजिकमिररची खिडकीच कोसळली आहे. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येऊन त्याचा दिवा रंग बदलत असेल, तर एकतर पाय बंद पडला आहे किंवा पडदा आपोआप झोपवण्याची सोय चालू राहिली आहे. ही सोय बहुधा ठरलेल्या वेळाने काम करते. तुमचा वेळ दर वेळी वेगळा आहे, म्हणून मला तिचा संशय कमी वाटतो.

पडदा काळा झाला की पायचा वीजपुरवठा लगेच काढू नका. दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) पायमध्ये शिरता येते का ते पाहा. शिरता आले, तर पाय जिवंत आहे. मग तीन गोष्टी लिहून घ्या. पीएम२ ने (प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या साधनाने) मॅजिकमिरर चालवत असाल, तर पीएम२ लॉग्ज या आज्ञेने शेवटच्या ओळी पाहा. डीमेसेज या आज्ञेने लिनक्सच्या गाभ्याने काय नोंदवले आहे ते पाहा आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ (पायची कामाची स्मृती संपली) हे शब्द शोधा. शेवटी व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेला गेट थ्रॉटल्ड असे विचारून येणारा आकडा लिहून घ्या. वीज कमी पडली का आणि पाय तापला का, हे त्या आकड्यावरून कळते. उत्तर नुसते ‘शून्य-एक्स-शून्य’ आले, तर दोन्ही बाबतीत काळजी नाही.

विजेबद्दल विचारायचे कारण असे की ३बी साठी ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि आपल्यापैकी बरेच जण फोनचा जुना चार्जर आणि दोन मीटरची बारीक वायर वापरतात. चार्जरवर आकडा बरोबर लिहिलेला असला, तरी बारीक वायरीत विजेचा दाब उतरतो. पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली उतरला की ३बी वरचा लाल दिवा विझतो. आरसा भिंतीवरून थोडा पुढे ओढून तो दिवा दोन-तीन मिनिटे पाहत राहा. फोटो बदलण्याच्या क्षणी तो लुकलुकत असेल तर आधी वायर बदला. चौकटीला मागून हवेसाठी फट आहे का, तेही पाहून घ्या. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपर्यंत जातो आणि बंद लाकडी पेटीत मॉनिटरची उष्णता त्यात मिळते. पायचे तापमान ८० अंशांच्या पुढे गेले की तो स्वतःचा वेग उतरवू लागतो.

आडव्या फोटोंबद्दल एकच विचारतो. आरशात बाबांचे डोके डावीकडे आहे की उजवीकडे? प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याच्या उत्तरावर बरेच अवलंबून आहे.


पंचवटीकर

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. काल रविवार असल्यामुळे दिवसभर आरशासमोर वही घेऊन बसले आणि सांगितल्याप्रमाणे सगळे टिपले.

सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी पडदा काळा झाला. फोटो आणि घड्याळ दोन्ही एकदमच गेले. मॉनिटरचा दिवा निळाच राहिला आणि खोलीतले दिवे घालवल्यावर पडद्याचा मंद उजेड दिसत होता. लॅपटॉपवरून पायमध्ये शिरता आले, म्हणजे पाय जिवंत होता. पीएम२ च्या यादीत मॅजिकमिररपुढे ‘ऑनलाइन’ असेच लिहिलेले होते, त्यामुळे मी थोडी गोंधळले. पण डीमेसेजमध्ये शेवटी ‘आउट ऑफ मेमरी’ आणि त्यापुढे इलेक्ट्रॉन ही प्रक्रिया मारल्याची ओळ स्पष्ट होती. दुपारी पुन्हा तसेच घडले आणि पुन्हा तीच ओळ मिळाली.

गेट थ्रॉटल्डचे उत्तर शून्य-एक्स-पाच आणि पुढे चार शून्ये असे आले. लाल दिवा फोटो बदलताना नव्हे, पण पाय सुरू होताना दोनदा विझून लागला. चार्जर खरोखरच जुन्या फोनचा आहे.

बाबांचे डोके उजवीकडे आहे. इतर आडव्या फोटोंतही डोकी उजवीकडेच आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात आली. दुतोंड्या मारुतीचा तोच फोटो मावशीने व्हॉट्सॲपवर परत पाठवलेला माझ्याकडे होता. तो मी फोल्डरमध्ये टाकून पाहिला, तर तो आरशात सरळ दिसला.


गंगापूररोड

डोके उजवीकडे आहे हे कळल्यावर आणि व्हॉट्सॲपची खूण मिळाल्यावर आडव्या फोटोंचा उलगडा झाला असे मी म्हणेन, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

आपण फोन उभा धरून फोटो काढतो तेव्हा बहुतेक फोन चित्र आडवेच साठवतात आणि त्याच्यासोबत एक्झिफ नावाच्या नोंदीत ‘हे दाखवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश वळवा’ अशी खूण करून ठेवतात. साठवलेल्या चित्रात माणसाचे डोके डावीकडे असते. दाखवणाऱ्याने खूण पाळली, तर चित्र सरळ दिसते. खुणेकडे दुर्लक्ष केले, तर डोके डावीकडे राहते. तुमच्याकडे ते उजवीकडे आहे, याचा अर्थ चित्र एकदा नव्हे, दोनदा वळवले जात आहे. मॅजिकमिररची खिडकी इलेक्ट्रॉनची असते आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियम ब्राउझर असतो. २०२० मध्ये क्रोमियमच्या ८१ व्या आवृत्तीपासून ब्राउझर ही खूण स्वतःहून पाळू लागला. त्याआधीच्या काळात लिहिलेली मॉड्यूल्स ते काम स्वतः करत असत. तुम्ही नव्या मॅजिकमिररवर जुन्या कार्डावरचे मॉड्यूल आणून ठेवले, त्यामुळे ब्राउझरही वळवतो आणि मॉड्यूलही वळवते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत चित्र मुळातच सरळ करून ठेवलेले असते आणि खूण उरलेली नसते, म्हणून ती प्रत सरळ दिसली. मॉड्यूलची ताजी आवृत्ती घेतल्यास हे बहुधा मिटेल. पण त्याहून पक्का उपाय पुढे लिहितो आहे, कारण तोच उपाय काळ्या पडद्यावरही लागू आहे.

काळ्या पडद्याचे कारण तुमच्या डीमेसेजने सांगितलेच आहे. मारली गेली ती खिडकी रंगवणारी प्रक्रिया. इलेक्ट्रॉनची मुख्य प्रक्रिया चालूच राहिली, म्हणून पीएम२ ला सगळे आलबेल वाटले. आता स्मृती कुठे गेली, याचा हिशेब पाहा. फोटोची फाइल कार्डावर तीन-चार मेगाबाइटची दिसते, पण पडद्यावर दाखवण्यासाठी ती उलगडावी लागते आणि उलगडल्यावर दर बिंदूला चार बाइट लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० बिंदू. त्याचे झाले ४८ मेगाबाइट. एक फोटो विरत असताना दुसरा उमटत असतो, त्यामुळे त्या क्षणी दोन फोटो उलगडलेले असतात. सहा बाय चार इंचांचा जुना फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला, तर ३६०० गुणिले २४०० बिंदू होतात आणि साधारण साडेचौतीस मेगाबाइट लागतात. हे सगळे एक जीबीचा पाय कसाबसा सोसतो. पण फोल्डरमध्ये ४८ मेगापिक्सेलवर काढलेला एखादा फोटो असेल, तर तो ८००० गुणिले ६००० बिंदूंचा असतो आणि तो एकटा १९२ मेगाबाइट मागतो. त्याच्या आगेमागे दुसरा तसाच आला की संपले. पडदा कधी वीस मिनिटांनी तर कधी अडीच तासांनी जातो, याचे कारण तेच असावे असे मला वाटते. तुम्ही फोटोंचा क्रम सरमिसळ ठेवला असेल, तर मोठ्या फोटोंची पाळी केव्हा येईल याचा नेम नाही. फोटो बदलण्याचा वेळ तीस सेकंद करूनही फरक का पडला नाही, तेही यातून कळते.

तुमचा मॉनिटर उभा आहे आणि त्याची रुंदी १०८० बिंदू आहे, असे मी धरतो. मग ४००० बिंदू रुंदीचा आडवा फोटो आरशाला देऊन काहीही पदरात पडत नाही. तोच फोटो १०८० गुणिले ८१० केला, तर साडेतीन मेगाबाइटमध्ये काम भागते आणि डोळ्याला रतिभर फरक जाणवत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की बाबांच्या मूळ फोटोंना हात न लावता आरशापुरत्या वेगळ्या प्रती तयार करा. हे काम पायवर करू नका, लॅपटॉपवर करा. इमेजमॅजिक नावाचे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातली मॉग्रिफाय ही आज्ञा वापरा. तिला ऑटो-ओरिएंट सांगितले की ती एक्झिफची खूण वाचून चित्रच सरळ करते आणि खूण पुसते. मग ब्राउझर वळवो की मॉड्यूल वळवो, वळवायला काही उरत नाही. रिसाइझपुढे १०८०×१९२० लिहून त्याला लागून ‘>’ हे चिन्ह द्या, म्हणजे फक्त मोठे फोटो लहान होतील आणि मुळात लहान असलेले फोटो उगाच ताणले जाणार नाहीत. हे माप अवतरणचिन्हांतच लिहा. ती विसरलात, तर टर्मिनल त्या चिन्हाचा अर्थ ‘उत्तर फाइलमध्ये लिही’ असा घेते आणि भलतेच काहीतरी होते. क्वालिटी ८५ पुरे. फॉरमॅट जेपीजी द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. मॉग्रिफाय ही आज्ञा मूळ फाइलवरच लिहिते. तिला पाथ या पर्यायाने वेगळे रिकामे फोल्डर दिले नाही, तर बाबांनी काढलेला मूळ फोटो कायमचा लहान होऊन बसेल. माझ्या घरी एका लग्नाचे दोनशे फोटो असे गेले आहेत आणि ते परत मिळाले नाहीत. आधी पेनड्राइव्हची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, ती डिस्क लॅपटॉपपासून काढून बाजूला ठेवा आणि मगच टर्मिनल उघडा.

न दिसणाऱ्या फोटोंचेही यातच निभावेल. स्कॅन केलेल्या फाइली टिफ असणार आणि आयफोनच्या फाइली एचईआयसी असणार. क्रोमियम हे दोन्ही प्रकार दाखवत नाही आणि मॉड्यूलच्या कॉन्फिगमध्ये ती नावे वाढवूनही उपयोग होत नाही. जेपीजी प्रत केली की त्या दिसतील. भावाला मात्र सांगून ठेवा की फोनच्या कॅमेरा सेटिंगमधल्या फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे, म्हणजे पुढचे फोटो थेट जेपीजी येतील.

फोल्डरच्या आणि फाइलींच्या नावांत ‘#’ हे चिन्ह कुठे आहे का, तेही पाहून घ्या. ब्राउझर पत्त्यातला त्या चिन्हानंतरचा भाग सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे ‘रहाड #२’ अशा नावाच्या फोल्डरमधले फोटो काही मॉड्यूल्सना सापडत नाहीत. देवनागरी नावांमुळे मला स्वतःला आजवर अडचण आलेली नाही, ती खुशाल राहू द्या.


जेलरोड, नाशिकरोड

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त पेनड्राइव्हबद्दल थोडे लिहितो, कारण तो तसाच राहिला तर ताईंना पुढच्या पावसाळ्यात पुन्हा इथे यावे लागेल.

लाइट जाऊन आली की पाय आपोआप सुरू होतो आणि मॅजिकमिररही सुरू होतो. पेनड्राइव्ह जोडला जायला मात्र काही क्षण अधिक लागतात. अशी बरीच मॉड्यूल्स सुरुवातीला एकदाच फोल्डर वाचून फोटोंची यादी करतात. त्या क्षणी फोल्डर रिकामे दिसले, तर यादीही रिकामी राहते आणि मग पेनड्राइव्ह जोडला गेला तरी फोटो येत नाहीत. याच कारणाने नवे फोटो टाकल्यावर मॅजिकमिरर पुन्हा सुरू करावा लागतो. दुसरा प्रकार त्याहून फसवा आहे. लाइट अचानक गेल्यामुळे पेनड्राइव्हचे जुने रिकामे फोल्डर कधीकधी मागे राहते आणि पुढच्या वेळी तोच पेनड्राइव्ह नावापुढे १ लावून वेगळ्या फोल्डरवर जोडला जातो. कॉन्फिगमध्ये जुना पत्ता तसाच असतो. माझा अख्खा रविवार या एका आकड्यापायी गेला होता.

एफएसटॅब फाइलमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) पेनड्राइव्हची कायमची नोंद करून यावर मात करता येते. तसे केल्यास त्या ओळीत नोफेल हा पर्याय अवश्य लिहा, नाहीतर पेनड्राइव्ह काढलेला असताना पाय सुरूच होणार नाही. पण तुम्हाला त्याची गरज नाही. लहान केलेली प्रत सरासरी ३०० केबीची धरली, तरी १,८०० प्रती साडेपाचशे एमबीच्या आत बसतात. त्या सरळ पायच्या मेमरी कार्डावर, मॅजिकमिररच्या फोल्डरच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पेनड्राइव्ह आरशातून काढून पुन्हा कपाटात जपून ठेवा.

तुमच्या गेट थ्रॉटल्डच्या उत्तराचा अर्थ असा की पाय सुरू झाल्यापासून केव्हातरी वीज कमी पडली होती आणि वेगही उतरवावा लागला होता, पण तुम्ही विचारलेत त्या क्षणी सगळे ठीक होते. काळ्या पडद्याचे कारण ते नाही. तरीही अडॅप्टर बदलाच. कमी विजेवर चालणाऱ्या पायची मेमरी कार्डे लवकर जातात, असा माझा अनुभव आहे आणि तुमचे एक कार्ड याआधी गेलेले आहे.

एक गोष्ट न विचारता सांगतो. माझे काम सुताराचे आहे आणि अशा चार चौकटी मी करून दिल्या आहेत. पडदा काळा असतो तिथेच ही तक्ती आरसा म्हणून काम करते. मागे पांढरेशुभ्र आकाश आले की समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा होतो. तुमच्या आई त्यात पाहून वेणी घालतात. तेव्हा फोटो पूर्ण पडदाभर ताणू नका, त्यांना ‘कंटेन’ या पद्धतीने मूळ प्रमाणात बसू द्या, म्हणजे उभ्या पडद्यावर आडव्या फोटोच्या वर आणि खाली काळा पट्टा राहील. मग मॅजिकमिररच्या कस्टम सीएसएस फाइलमध्ये (पडद्यावरची मांडणी ठरवणाऱ्या) तो फोटो चेहऱ्याच्या उंचीपासून खाली सरकवून घ्या. आईंना आरशापुढे उभे करून, त्यांची हनुवटी कुठे येते तिथे चौकटीवर पेन्सिलची खूण करा आणि फोटोची वरची कड त्या खुणेच्या खाली ठेवा.


पंचवटीकर

सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे आठवडाभरात एकेक काम उरकले, त्याची हकीकत लिहिते.

आधी पेनड्राइव्हची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क भावाच्या घरी ठेवली. मग लॅपटॉपवर बिंदूंच्या संख्येनुसार फोटो लावून पाहिले. ८००० गुणिले ६००० चे फोटो एकतीस निघाले. बाबांनी शेवटच्या वर्षी घेतलेल्या फोनवर काढलेले, बहुतेक सगळे सोमेश्वरच्या धबधब्याचे. इतकी वर्षे साध्या कॅमेऱ्यावर काढल्यानंतर त्या फोनमध्ये मिळेल तेवढे मोठे चित्र त्यांनी घेतले होते आणि आरसा नेमका त्यांच्यापाशीच कोसळत होता. फोटोंचा क्रम मी सरमिसळच ठेवला होता, हेही बरोबर निघाले.

मॉग्रिफाय आधी दहा फोटोंवर चालवून पाहिले, ते ठीक वाटल्यावर सगळ्यांवर चालवले. टिफच्या काही फाइलींच्या दोन-दोन प्रती झाल्या, त्यातली दुसरी अगदी नखाएवढी होती. स्कॅनरने आत ठेवलेले छोटे चित्र वेगळे निघाले असावे. त्या लहान प्रती हाताने काढून टाकल्या. ‘#’ असलेली दोन फोल्डरे सापडली, त्यांची नावे बदलली. सगळ्या प्रती पायच्या कार्डावर ठेवल्या, मॉड्यूलची ताजी आवृत्ती घेतली आणि २.५ अँपिअरचा अडॅप्टर आखूड वायरीसह आणला. आता गेट थ्रॉटल्डचे उत्तर नुसते शून्य येते.

आरसा सलग सहा दिवस चालू आहे. काल संध्याकाळी मुद्दाम मेन स्विच बंद करून पुन्हा लावला. दीड-दोन मिनिटांत घड्याळ आले आणि त्यामागोमाग फोटोही आले.

पेन्सिलची खूण करायला आईला आरशासमोर उभे केले. तिची हनुवटी चौकटीच्या वरच्या कडेपासून बावीस इंचांवर येते, म्हणजे पडद्याच्या खालच्या दोन-तीन इंचांखेरीज फोटोला जागाच उरत नव्हती. म्हणून चौकट भिंतीवर आठ इंच खाली घेतली आणि कस्टम सीएसएसमध्ये फोटो पडद्याच्या तळाशी टेकवून घेतला. आता तिचा चेहरा वरच्या काळ्या भागात नीट दिसतो आणि दुतोंड्या मारुतीपुढे सरळ उभे असलेले बाबा तिच्या छातीशी येतात. भिंतीतली जुनी भोके अजून बुजवायची आहेत.